वावरात आरशांचं फील्ड मांडायचंय? आधी उत्तर दिशा शोधा, मग दोरी घ्या

शाळेत सगळ्यांनीच केलंय हे, डब्याच्या स्टीलच्या झाकणाने सरांच्या पाठीवर कवडसा पाडायचा. हेलिओस्टॅट म्हणजे तेच, फक्त झाकणाच्या जागी सूर्याबरोबर मोटरने फिरणारा दोन फुटी आरसा आणि सरांच्या जागी लोखंडी टॉवरवर ठेवलेला काळा ड्रम. एका कवडशाने ड्रम धड कोमटसुद्धा होत नाही, पण तीस-पस्तीस कवडसे एकावर एक पडले की आतलं पाणी खळखळ उकळतं.

लोक आरसे आणतात, मोटारी आणतात, मोटारी फिरवणाऱ्या अर्डुइनो बोर्डाचा कोड शोधतात, आणि आरसे कुठे उभे करायचे हे मात्र जागेवर गेल्यावर बघू म्हणतात. आम्ही पण तेच केलं. चोपडा तालुक्यात मामांचं वावर आहे, चार म्हशी आहेत, संध्याकाळच्या दुधाआधी कॅन धुवायला शंभर लिटर उकळतं पाणी हवं होतं, दुपारी चारच्या आत. मामांनी केळीची लागवड करतात तशा पाच बाय पाच फुटांवर सरळ रेषेत खुंट्या ठोकून ठेवल्या होत्या, टॉवरच्या चारी बाजूंनी. शेजारचे आप्पा बांधावर उभे राहून विचारतात, "हाई काय करी राहिना रे भो, लगीनना मांडव शे का?" त्या मांडवातल्या निम्म्या खुंट्या नंतर उपटाव्या लागल्या. त्या का उपटल्या ते कळलं की मांडणीचा निम्मा विषय संपतो, म्हणून तिथूनच सुरू करतो.

आरशावर पडणारं ऊन आणि आरशाचं तोंड यांचा हिशोब असा आहे. पावसात परात आडवी धरली तर भरते, तिरपी धरली तर तेवढीच परात कमी पाणी घेते. आरसा बिचारा कधीच सरळ सूर्याकडे तोंड करून बसू शकत नाही, त्याला सूर्य आणि ड्रम या दोघांच्या बरोबर मधे बघावं लागतं. सूर्य आणि ड्रम एकाच बाजूला असले तर आरसा जवळजवळ सरळ सूर्याकडे बघतो, भरपूर ऊन घेतो. सूर्य पाठीमागे आणि ड्रम समोर असं झालं की आरसा इतका तिरपा होतो की अर्धाच उरतो. याला कोसाइन लॉस म्हणतात आणि बाकी सगळ्या लॉसमधे हा बहुतेक वेळा सगळ्यात मोठा असतो, आणि तो तुम्ही आरसा कुठे रोवला यावरच ठरतो, नंतर महागातली मोटर लावून कमी होत नाही.

आपण साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहोत, जळगाव, धुळे, नंदुरबार सगळे त्याच्या आसपासच. डिसेंबरच्या शेवटी दुपारी सूर्य दक्षिणेला साधारण साडेपंचेचाळीस अंशांवर असतो. समजा आरशाच्या जागेवरून बघितलं तर ड्रम २० अंश वर दिसतोय. टॉवरच्या उत्तरेला असलेल्या आरशाला सूर्य आणि ड्रम दोन्ही दक्षिणेलाच, त्याचा कोसाइन, म्हणजे आरशाचा किती हिस्सा कामाला येतो तो आकडा, येतो ०.९८. टॉवरच्या दक्षिणेला तेवढ्याच अंतरावरचा आरसा, त्याचा ०.५४. म्हणजे तोच आरसा, तीच काच, तोच खर्च, आणि काम जवळजवळ निम्मं. मार्चच्या २१ ला हेच आकडे ०.९१ आणि ०.७० होतात. आता गंमत बघा, २१ जूनला दुपारी सूर्य आपल्या डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकलेला असतो, तेव्हा उत्तरेचा आरसा ०.८१ आणि दक्षिणेचा ०.८३, म्हणजे दक्षिणेचा थोडा पुढेच. मेच्या शेवटच्या आठवड्यात जळगावला दुपारी सावली पायाखाली जाते ना, त्याच्यानंतरचा हा प्रकार, जुलैच्या मध्यापर्यंत.

पुस्तकात किंवा व्हिडिओत वर्षभराची सरासरी काढून सांगतात की विषुववृत्ताच्या जसं जवळ जाल तसं चारी बाजूंनी आरसे लावले तरी चालतं, आणि ते गणिताने बरोबर आहे. पण खान्देशात जून उजाडला की ढग. ज्या दिवसांत दक्षिणेचे आरसे आपला भाव खाऊ शकतात त्याच दिवसांत सूर्य दिसत नाही. आपल्याला ऊन मिळतं ते ऑक्टोबर ते मे, आणि त्या आठ महिन्यांतला बहुतेक काळ उत्तरेची बाजू जिंकते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, छोटं फील्ड असेल तर सगळे आरसे टॉवरच्या उत्तरेला लावा, जून-जुलैचा विचारच करू नका.

मग जगातले मोठे प्लांट चारी बाजूंनी का लावतात? कारण त्यांचं फील्ड इतकं पसरतं की उत्तरेचा शेवटचा आरसा टॉवरपासून फारच लांब जातो, मधल्या हवेतली धूळ-धुकं प्रकाश खातं आणि कवडसा मोठा होऊन टार्गेटच्या बाहेर सांडतो, त्यापेक्षा दक्षिणेला जवळचा आरसा परवडतो. स्पेनमधे सेव्हिलजवळचा पीएस-१० हा २००७ चा प्लांट, ६२४ आरसे, एकेक १२० चौरस मीटरचा, टॉवर ११५ मीटर, त्याचं फील्ड उत्तरेलाच आहे. त्याच भागातला २०११ चा जेमासोलार, २,६५० आरसे, तो टॉवरभोवती गोल आहे. आपले आरसे ३४. आपण पीएस-१० च्या पार्टीतले.

अजून एक गैरसमज आधीच काढतो. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सोलर प्लांट आहे, तो बघून आलेले लोक म्हणतात तिथे तर सरळ ओळीत लावलेत. ते पॅनल आहेत, आरसे नाहीत. पॅनलला ढगाळ उजेडातही थोडीफार वीज येते आणि त्याला कोणावर नेम धरायचा नसतो, सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे. आरशाला फक्त थेट ऊन लागतं, जमिनीवर तुमची सावली कडेला धारदार दिसत असेल तरच कवडसा पडेल. आणि प्रत्येक आरशाचा कोन शेजारच्यापेक्षा वेगळा असतो.

आता दिशा. उत्तर म्हणजे खरी उत्तर, मोबाईलच्या होकायंत्राची नाही. मोबाईल लोखंडी टॉवरजवळ नेला की तो काय वाट्टेल ते दाखवतो, आम्हाला दोन मोबाईलमधे अकरा अंशांचा फरक मिळाला. जुनी शंकूची पद्धत सगळ्यात भारी. जमीन सपाट करा, एक सरळ काठी ओळंबा लावून उभी रोवा, तिच्याभोवती दोरीने वर्तुळ काढा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला आत येताना जिथे शिवेल तिथे खिळा, दुपारनंतर बाहेर जाताना जिथे शिवेल तिथे दुसरा खिळा. दोन खिळे जोडले की पूर्व-पश्चिम, त्याला काटकोनात उत्तर-दक्षिण. चाळीसगावजवळ पाटणला भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांच्या नातवाने मठ काढल्याचा शिलालेख आहे, तर आपल्या भागात ही पद्धत आठशे वर्षांपूर्वी पोरांना येत असणार, आपण मात्र ॲप शोधत बसतो.

घाई असेल तर दुसरा मार्ग, बरोबर स्थानिक मध्यान्हाला ओळंब्याच्या दोरीची सावली आखून घ्या, तीच उत्तर-दक्षिण रेषा. पण घड्याळात बारा वाजता नाही हां. भारताची वेळ ८२.५ रेखांशाची, जळगाव ७५.५ च्या आसपास, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपला मध्यान्ह सरासरी १२ वाजून २८ मिनिटांना, नंदुरबारला अजून पाचेक मिनिटं उशिरा. त्यातही वर्षभर मागेपुढे होतं, नोव्हेंबरच्या सुरुवातीला जळगावला १२:१२ आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२:४२. पंधरा मिनिटं चुकलात तर सूर्य तेवढ्यात सरकलेला असतो आणि अख्खं फील्ड तिरकं बसतं.

मग टॉवर. आमचा ड्रमचा मध्य जमिनीपासून ४ मीटरवर आहे आणि आरशाचा मध्य १ मीटरवर. हिशोबात घ्यायची उंची यातला फरक, म्हणजे ३ मीटर, टॉवरची उंची नाही. ही चूक फार जण करतात आणि मग ओळी जवळ पडतात. टॉवर उंच केला तर मांडणी सोपी होते पण ड्रमपर्यंत पाणी चढवणं, वाऱ्यात हलणं, दुरुस्तीला वर चढणं, सगळं वाढतं. अँगलचा जाळीदार टॉवर करा, पत्रा मारू नका, सावली कमी पडते.

पहिली ओळ टॉवरपासून किती लांब? आम्ही ६ मीटर घेतलं. जवळ गेलात तर आरसा फार वर बघतो, आणि डिसेंबरच्या दुपारी चार मीटरवरच्या ड्रमची सावलीच चार मीटर लांब पडते, म्हणजे तेवढ्या पट्ट्यात आरसा ठेवून उपयोग नाही.

आता मूळ कारागिरी, ओळीमागे ओळ. पुढच्या आरशाने मागच्या आरशाचा कवडसा अडवायला नको. कागदावर बाजूने चित्र काढा, ड्रमपासून मागच्या आरशाच्या खालच्या कडेपर्यंत सरळ रेघ मारा, ती रेघ पुढच्या आरशाच्या वरच्या कडेवरून गेली पाहिजे. समान त्रिकोणांनी साधारण हिशोब येतो, दोन ओळींतलं अंतर म्हणजे आरशाची उंची गुणिले मागच्या ओळीचं टॉवरपासूनचं अंतर, भागिले उंचीतला फरक. आमचा आरसा ०.६ मीटर, फरक ३ मीटर, म्हणजे टॉवरपासूनच्या अंतराचा पाचवा हिस्सा. मागची ओळ साडेसात मीटरवर असेल तर पुढची तिच्यापासून दीड मीटर पुढे. जसजसं मागे जाल तसतसं हे अंतर वाढत जातं, म्हणूनच केळीसारखं सगळीकडे सारखं अंतर ठेवणं चुकीचं, पुढे जागा वाया जाते आणि मागे एकमेकांना आडवतात. सरळ एकामागे एक लावत गेलो तर ओळी येतात ६, ७.५, ९.४ आणि ११.७ मीटरवर.

पण दुसऱ्या ओळीचा आरसा पहिल्या ओळीतल्या दोघांच्या फटीतून बघू शकतो की. सिनेमाला पुढच्याच्या डोक्यामागे बसण्यापेक्षा दोन डोक्यांच्या मधे बसतो तसं. मग अडवायचा प्रश्न येतो तो फक्त एक सोडून एक ओळींत, पहिली आणि तिसरी, दुसरी आणि चौथी. तेव्हा ओळी येतात ६, ६.९, ७.८ आणि ९ मीटरवर, थोडं मार्जिन धरून. चौथी ओळ ११.७ वरून ९ वर आली, पावणेतीन मीटर वाचले, आणि मुख्य म्हणजे कवडसा लहान राहिला. मोठ्या प्लांटवाले याला रेडियल स्टॅगर म्हणतात, आपण झिगझॅग म्हणू.

फट मात्र पुरेशी हवी. आमच्या पहिल्या ओळीत शेजारच्या दोन खांबांत सव्वा मीटर अंतर आहे, आरसा ०.६१ मीटर रुंद, म्हणजे मधे ०.६४ ची फट, त्यातून मागच्याचा आरसा जेमतेम पूर्ण बघतो. आणि आरसा कोणत्याही कोनात फिरला तरी शेजाऱ्याला धडकू नये, दोन फुटी चौकोनाचा कर्ण ०.८६ मीटर आहे, म्हणून कुठल्याही दोन खांबांत मीटरभर तरी पाहिजेच. हे न बघता लावलं तर पहिल्याच दिवशी काच फुटते, आमची फुटली, दोन.

जमिनीवर आखणी अशी करा. टॉवरच्या मध्याला खिळा, त्यात दोरी, दोरीला ६, ६.९, ७.८, ९ वर गाठी. उत्तर रेषेच्या दोन्ही बाजूंना कमान काढत फक्की टाका. मग कोनमापकाची गरज नाही, पहिल्या कमानीवर उत्तर रेषेवर एक खुंटी, तिथून दोन्हीकडे सव्वा-सव्वा मीटरवर चार-चार, झाल्या नऊ. दुसऱ्या कमानीवर उत्तर रेषेवर खुंटी नाही, रेषेपासून ७२ सेंटीमीटरवर दोन्हीकडे पहिली, मग १.४४ मीटरने तीन-तीन, झाल्या आठ. तिसऱ्या कमानीवर परत रेषेवर एक आणि १.६३ ने चार-चार. चौथीवर रेषेपासून ९४ सेंटीमीटर आणि पुढे १.८८ ने. एकूण ३४. प्रत्येक पुढची खुंटी १२ अंशांवर येते, दोन्हीकडे ४८ अंशांपर्यंत. पाचवी ओळ लावायची असेल तर खांबांतलं अंतर दोन मीटरच्या पुढे जातं, नुसती जागा वाया, तिथून परत लहान कोन घेऊन नवा गट सुरू करायचा, मोठ्या फील्डमधे हेच करतात.

सूर्यफुलाचं पण सांगतो कारण कोणीतरी विचारणारच. सूर्यफुलाच्या चकतीत बिया ज्या १३७.५ अंशांच्या वळणाने बसतात तसेच आरसे लावायचे अशी मांडणी २०१२ मधे एमआयटी आणि जर्मनीतल्या आखेनच्या संशोधकांनी मांडली, पीएस-१० च्या फील्डवर हिशोब केला तर जमीन १५.८ टक्के कमी लागते आणि कार्यक्षमतासुद्धा किंचित वाढते असं निघालं. डोकं भारी आहे, पण ३४ आरशांसाठी नका करू. एकतर दोरीने आखता येत नाही, आणि दुसरं म्हणजे आरसे पुसायला जायला सरळ वाट राहत नाही, आणि आपल्याकडे मार्च-एप्रिलच्या वावटळीनंतर आठवड्यातून दोनदा पुसावेच लागतात.

पूर्व-पश्चिमेचं थोडक्यात. दुपारनंतर सूर्य पश्चिमेला जातो, तेव्हा टॉवरच्या पूर्वेकडचे आरसे जास्त काम करतात, सकाळी पश्चिमेकडचे. आपल्याला गरम पाणी कधी हवं यावर ठरवा. आम्हाला चारच्या आत हवं होतं म्हणून आम्ही अख्खी कमान १२ अंश पूर्वेला सरकवली, उत्तर रेषेच्या जागी ती नवी मधली रेषा धरून वरची सगळी मापं तशीच. आईचं म्हणणं होतं की याच्यावर बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, पण भागवा, पण बायका बिबड्याला बसतात पहाटे, तेव्हा सूर्य स्वतःच उठलेला नसतो, तो विषय तिथेच मिटला.

ज्याला कॉम्प्युटर येतो त्याने एक्सेलमधे तपासून घ्यावं, अर्ध्या तासाचं काम आहे. प्रत्येक आरशासाठी ड्रमकडची दिशा पूर्व, उत्तर, वर अशा तीन आकड्यांत लिहा आणि लांबीने भागा. सूर्याची दिशा पण तशीच तीन आकड्यांत, सूर्याची उंची आणि दिगंश (उत्तरेपासून मोजलेला आडवा कोन) कुठल्याही ॲपवर मिळतात. दोन्हींचे जोडीने गुणाकार करून बेरीज, त्यात १ मिळवा, २ ने भागा, वर्गमूळ काढा, झाला त्या आरशाचा कोसाइन. २१ डिसेंबर, २१ मार्च आणि १ मे, प्रत्येकी सकाळी १०, साडेबारा, दुपारी ३, एवढे नऊ ठोकळे पुरे. सरासरीत जो आरसा ०.७५ च्या खाली जातो तो दुसरीकडे हलवा. कोणाला खोलात जायचं असेल तर अमेरिकेच्या एनआरईएल या सरकारी प्रयोगशाळेने बनवलेलं सोलरपायलट हे फील्ड मांडायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पण ते शंभर मीटरच्या टॉवरच्या भाषेत बोलतं, छोट्या कामाला एक्सेलच बरं.

कवडशाचा आकार पण मांडणीचाच भाग आहे. सूर्य ठिपका नाही, आकाशात अर्ध्या अंशाची चकती आहे, त्यामुळे सपाट आरशाचा कवडसा जितका लांब जाईल तितका पसरतो, दर १०७ मीटरला एक मीटर असं धरा. आमच्या शेवटच्या ओळीपासून ड्रम साडेनऊ मीटर, म्हणजे नऊ सेंटीमीटर पसरणं. त्यात आरसाच ६१ सेंटीमीटरचा, कवडसा झाला ७० चा, आणि आमच्या ड्रमचं तोंड ६० चं, म्हणजे कडेचं ऊन हवेत. म्हणून दोन फुटी एक काच न घेता एका फ्रेमवर एक-एक फुटाच्या चार काचा लावा, मागे स्प्रिंग आणि स्क्रू, आणि चौघींना किंचित आत झुकवा म्हणजे चारही कवडसे एकावर एक बसतात. मग कवडसा ४० सेंटीमीटर, ६० च्या ड्रमवर आरामात, थोडं इकडेतिकडे झालं तरी माफ. काच तीन मिलीमीटरची घ्या, जाड काच ऊन स्वतःच खाते, आणि कडांना सिलिकॉन मारा नाहीतर दोन पावसाळ्यांत पाठ काळी पडते.

थोडं इकडेतिकडे म्हणजे किती? आरसा एक अंश हलला की कवडसा दोन अंश हलतो, हे आरशाचं जुनं दुखणं. साडेनऊ मीटरवर दोन अंश म्हणजे ३३ सेंटीमीटर, म्हणजे अर्ध्याहून जास्त कवडसा ड्रमच्या बाहेर गेला. आरसा हलवला नाही तरी सूर्य चार मिनिटांत एक अंश जातो, कवडसा १६ सेंटीमीटर सरकतो. आम्ही सुरुवातीला मोटर न लावता सहा आरसे हाताने फिरवून बघू म्हटलं, मी, मामांचा पोरगा आणि त्याचे दोन मित्र, प्रत्येकाला दीड आरसा, शेवटचा नीट लावेपर्यंत पहिल्याचा कवडसा ड्रमवरून उतरलेला, वीस मिनिटांत चौघं घामाघूम आणि पाणी आंघोळीपुरतं पण तापलं नव्हतं. तर मोटर पाहिजेच, एका आरशाला दोन, तो स्वतंत्र विषय आहे.

आता जी गोष्ट कुठल्या व्हिडिओत सापडली नाही ती. काळी माती. आम्ही खांब रोवले ऑक्टोबरमधे, दीड फूट खड्डा, थोडं काँक्रीट, जमीन ओली, छान घट्ट बसले. डिसेंबर-जानेवारीत सगळे कवडसे जागेवर. मार्चच्या शेवटी बघतो तर एकेक कवडसा भटकायला लागला, सॉफ्टवेअरला शिव्या घालून झाल्या, मोटारी उघडून झाल्या, शेवटी मामांनी ओळंबा लावला तर खांबच कलले होते, कोणी एक अंश, कोणी दोन. जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या आणि एक भेग तर पाच नंबरच्या खांबाच्या काँक्रीटला अर्ध्या बाजूने सोडवून गेली होती. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आवळते, विहिरीजवळची खोली तडकते ते याच कारणाने. एक अंश खांब कलला म्हणजे ३३ सेंटीमीटर कवडसा गेला, वरचं गणित आठवा.

म्हणून जागा निवडताना बरड बघा, मुरुमाची, जिथे पीक नीट येत नाही ती, तशीही आरशांना कसदार जमीन कशाला वाया घालवायची. काळीतच लावायचं असेल तर तीन फूट खड्डा, काळी माती पूर्ण काढून मुरूम ठोकून भरायचा आणि त्यात काँक्रीट. आम्ही शेवटी सगळं उचलून वावराच्या वरच्या टोकाला मुरमात नेलं, आणि तिथे एक फायदा फुकट मिळाला. तापीच्या उत्तरेला चोपडा, यावल, रावेर, शिरपूर या पट्ट्यात जमीन सातपुड्याकडे म्हणजे उत्तरेकडे चढत जाते, मागच्या ओळी आपोआप थोड्या उंच बसतात, अडवणं कमी होतं. आमच्या नऊ मीटरला तो फरक बोटभर, पण कोणी शंभर मीटरचं फील्ड करणार असेल तर दोन टक्के उतारावर शेवटची ओळ दोन मीटर वर असते, हे मोठं आहे. तापीच्या दक्षिणेला, अमळनेर-जळगावकडे, उतार बऱ्याच ठिकाणी उलटा नदीकडे असतो, तिथे ओळींतलं अंतर थोडं वाढवा. आणि सगळ्या आरशांची उंची गवंड्याच्या पाण्याच्या नळीने तपासा, डोळ्याने नाही.

शेजारी केळी असेल तर आत्ता गुडघ्याएवढी आहे म्हणून फसू नका, वर्षाच्या आत दहा फूट होते. आरशांच्या दक्षिण, आग्नेय आणि नैर्ऋत्येला जे काही उंच आहे त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतर सोडलं तर डिसेंबरमधे सकाळी साडेनऊपासून दुपारी साडेतीनपर्यंत ऊन मोकळं मिळतं.

उष्णतेचा अंदाज विचारलात तर ३४ आरशांचे साडेबारा चौरस मीटर, चांगल्या उन्हात चौरस मीटरला ८०० वॅट धरा, १० किलोवॅट. त्यात कोसाइन, काचेचं शोषण, धूळ, सांडलेला कवडसा सगळं जाऊन ड्रमच्या आत पाच. शंभर लिटर पाणी २५ वरून १०० वर न्यायला कागदावर पावणेदोन तास, आमच्याकडे जानेवारीत अडीच लागतात कारण उघड्यावरचा ड्रम वाऱ्याला उष्णता देत राहतो. ड्रमला कवडशाची बाजू सोडून तिन्हीकडून ग्लासवूल आणि पत्रा लावा.

जीव सांभाळायचं सांगतो. ड्रममधे पाणी असल्याशिवाय कवडसे आणू नका, आणि आणताना एकेक ओळ आणा. टॉवरवर कोणी चढणार असेल तर सगळे आरसे आधी आडवे. कवडशांच्या वाटेत पऱ्हाटीचा ढीग, वाळलेली केळीची पानं, कडब्याची गंजी नको, आणि बाजूने रस्ता जात असेल तर सकाळ-संध्याकाळ स्वतः मोटरसायकलवर जाऊन बघा डोळ्यात येतं का. वेल्डिंगवाल्याचा काळा चष्मा दोन जास्तीचे ठेवा, बघायला गाव येतं. मे-जूनच्या वादळाला, जी रावेरकडे केळी झोपवते, आरसे आडवे करून ठेवायची सोय मोटर बंद असतानाही हाताने करता आली पाहिजे, कारण वादळ आलं की लाइट आधी जाते.

आणि खांबांना ऑइलपेंटने नंबर टाका, ओळ आणि जागा, म्हणजे "तिसऱ्यातला सातवा" असं म्हटलं की पोरगं बरोबर तिथेच पळतं. दर दोन महिन्यांनी ओळंबा, आणि दर पावसाळ्यानंतर टॉवरच्या खिळ्यापासून परत एकदा दोरी.